स्पर्श कागदावर कसा उतरवायचा?

चिकू पिकला आहे की नाही हे तुम्ही कसे ओळखता? डोळ्यांनी फारसे कळत नाही. कच्चा चिकू आणि पिकलेला चिकू दिसायला जवळजवळ सारखेच. आपण तो अंगठ्याने हळूच दाबून पाहतो आणि क्षणात निकाल देतो. आता अशी कल्पना करा, की अंगठ्याला जे जाणवले ते तुम्हाला नागपूरच्या मित्राला पत्राने कळवायचे आहे. काय लिहाल? "मऊ आहे." किती मऊ? "लोण्याइतका नाही, पण पेरूपेक्षा मऊ." कुठल्या पेरूपेक्षा? चिकूचे छायाचित्र पाठवता येईल. त्यावर टिचकी मारल्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवता येईल. पण तो मऊपणा काही पाकिटात घालता येत नाही.

हीच अडचण जगातल्या काही शास्त्रज्ञांनाही येते आणि त्यांना ती ठरलेल्या तारखेच्या आत सोडवावी लागते. हे शास्त्रज्ञ स्पर्शाची यंत्रे तयार करतात. त्यांच्या विषयाला हॅप्टिक्स म्हणतात. स्पर्श करणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. मोबाइल फोनच्या सपाट काचेवर अक्षर दाबले की खरी कळ दाबल्यासारखा बारीक धक्का बोटाला जाणवतो ना? तो हॅप्टिक्सचाच एक लहानसा नमुना. आपले काम एकमेकांना दाखवण्यासाठी ही मंडळी परिषदांत जमतात. पण परिषदेला जाण्यापूर्वी प्रत्येकाला आपले काम थोड्या पानांच्या शोधनिबंधात लिहून पाठवावे लागते. बोटाला जे कळले ते शाईने लिहायचे, आणि तेही ज्याने ते यंत्र कधी हातात घेतलेले नाही अशा माणसाला पटेल असे! हे कसे साधते ते आज पाहू.

शिकागोचा निबंध

उदाहरणादाखल एक खराखुरा निबंध घेऊ. नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात यांत्रिकी अभियंत्यांच्या संघटनेचे हिवाळी अधिवेशन भरले. त्यात स्पर्शयंत्रांवर एक परिसंवाद होता. त्यात थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांचा एक निबंध होता. दोघेही मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी. या संस्थेतले. मॅसी हा विशीतला विद्यार्थी आणि सॅलिसबरी त्याचे मार्गदर्शक. त्यांनी बनवलेल्या यंत्राचे नाव होते फॅन्टम.

सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात जे अंगुस्तान घालतो ते तुम्ही पाहिले असेल. फॅन्टममध्ये तसेच एक अंगुस्तान एका वाकत्या दांड्याच्या टोकाला बसवलेले असते. टेबलावरच्या अभ्यासाच्या दिव्याचा दांडा जसा सांध्यांमध्ये वाकतो तसा हा दांडा वाकतो. त्याला तीन विजेच्या मोटारी जोडलेल्या असतात. तुम्ही अंगुस्तानात बोट घालून ते हवेत फिरवता. बोट नेमके कुठे आहे हे संगणकाला दर क्षणी कळत असते. संगणकाच्या आत एक काल्पनिक भिंत आहे असे समजा. तुमचे बोट त्या भिंतीच्या जागी पोचले, की संगणक मोटारींना हुकूम देतो आणि मोटारी बोटाला मागे ढकलतात. समोर प्रत्यक्षात काहीही नाही, नुसती हवा. पण बोट म्हणते, "इथे भिंत आहे!"

आता निबंध लिहिणाऱ्यापुढचा प्रश्न पाहा. "आमच्या यंत्रातली भिंत अगदी खऱ्यासारखी वाटते" असे लिहिले तर शिकागोच्या श्रोत्यांनी त्यावर विश्वास का ठेवावा? उद्या दुसरा कोणी उठेल आणि म्हणेल, "आमची त्याहून खरी!" चिकू आणि पेरूसारखेच ते भांडण होईल. मॅसी आणि सॅलिसबरी यांनी "खऱ्यासारखे" या एका शब्दाचे तीन तुकडे केले. पहिला असा, की जिथे काही नाही तिथे बोटाला काहीच जाणवता कामा नये. यंत्राचे वजन किंवा घर्षण बोटाला लागू नये. दुसरा, जी वस्तू टणक म्हणून दाखवायची ती टणकच लागली पाहिजे. आणि तिसरा, बोटाने जोर केला म्हणून भिंतीने लगेच हार मानता कामा नये. मोटारींमध्ये तेवढे बल शिल्लक हवे. आता गंमत लक्षात आली का? "खऱ्यासारखे" हे मोजता येत नाही, पण घर्षण मोजता येते, टणकपणा मोजता येतो आणि जास्तीत जास्त बलही मोजता येते. माझ्या मते त्या निबंधातली सर्वांत मोलाची गोष्ट यंत्रापेक्षा हे तीन तुकडे होत.

टणकपणा कसा मोजतात? स्प्रिंगचा नियम तुम्ही शाळेत शिकला असाल किंवा लवकरच शिकाल. स्प्रिंग जितकी दाबावी तितके तिचे उलटे बल वाढते. एक सेंटिमीटर दाबायला किती बल लागते यावरून तिचा ताठरपणा ठरतो. फॅन्टमची भिंत म्हणजे संगणकाने हिशेबाने उभी केलेली स्प्रिंगच होय. निबंधात एक आकडा दिलेला आहे: सेंटिमीटरला किमान २० न्यूटन इतका ताठरपणा असला, तर बहुतेक लोकांना ती भिंत घट्ट, न हलणारी वाटते. हा आकडा आपण पडताळून पाहू. २०० ग्रॅमचे वजन तळहातावर जेवढे बल लावते ते सुमारे २ न्यूटन. तेवढ्या बलाने तुम्ही ती काल्पनिक भिंत दाबली, तर बोट किती आत जाईल? २ भागिले २०, म्हणजे सेंटिमीटरचा दहावा भाग, अर्थात १ मिलीमीटर. एवढी माघार घेणारी भिंत बोटाला भिंतच वाटते! हाच ताठरपणा दसपट कमी केला तर बोट पूर्ण एक सेंटिमीटर आत जाईल आणि भिंतीचा स्पंज होईल.

या एका आकड्याने काय साधले? टोकियोतला किंवा मुंबईतला अभियंता निबंध वाचून स्वतःचे यंत्र बनवू शकतो, त्यात २० हा आकडा घालू शकतो आणि आपल्या बोटाने पडताळू शकतो. मऊपणा पाकिटात घालता येत नाही असे आपण म्हटले होते. पण तो पुन्हा निर्माण करण्याची कृती मात्र पाकिटात घालता येते.

सेकंदाला हजार वेळा

इथे थोडे विषयांतर करतो, कारण हा हिशेब फार सुंदर आहे. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे दाखवली की डोळ्यांना हालचाल सलग वाटते. मग बोटासाठी संगणकाने सेकंदाला किती वेळा हिशेब करावा? ५० वेळा पुरेल? करून पाहू. बोट सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने भिंतीकडे चालले आहे. एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ते २ मिलीमीटर जाते. म्हणजे संगणकाला पत्ता लागेपर्यंत बोट भिंतीत २ मिलीमीटर घुसलेले असू शकते. मग एकदम ४ न्यूटनचा धक्का बसतो आणि बोट बाहेर फेकले जाते. ते पुन्हा आत जाते, पुन्हा धक्का. भिंत टणक वाटण्याऐवजी थरथरू लागते. हिशेब सेकंदाला १००० वेळा केला तर बोट दरम्यान फक्त ०.१ मिलीमीटर जाते आणि बलाची उडी ०.२ न्यूटनची राहते. म्हणून अशा यंत्रांत साधारणपणे सेकंदाला हजार वेळा हिशेब करतात. आपली त्वचाही या बाबतीत मोठी चोखंदळ आहे. तिच्या खोल थरात पॅसिनी कणिका नावाची कांद्यासारखी पापुद्र्यांची सूक्ष्म इंद्रिये असतात. सेकंदाला सुमारे २५० कंपने त्यांना सर्वांत चांगली कळतात. डोळ्यांना फसवणे त्या मानाने सोपे.

परीक्षक काय विचारतात?

निबंध पाठवला म्हणजे तो स्वीकारला गेला असे नाही. परिषदेचे संयोजक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला देतात. हे परीक्षक मोबदला घेत नाहीत. बहुधा लेखकाला त्यांची नावे कळू देत नाहीत. काही परिषदांत परीक्षकांनाही लेखकाचे नाव कळू देत नाहीत. नाव मोठे म्हणून निबंध पुढे जाऊ नये आणि नाव अनोळखी म्हणून मागे पडू नये, हा हेतू.

परीक्षक कसे प्रश्न विचारतात हे समजायला एक प्रयोग करा. जर्मनीतील लाइपझिगचे अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये स्पर्शावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला हा प्रसिद्ध प्रयोग. केसांत खोवायचा आकडा घ्या. त्याची टोके बोथट असावीत. टोकांमधले अंतर ५ मिलीमीटर ठेवा. भावाला किंवा बहिणीला डोळे मिटायला सांगून दोन्ही टोके बोटाच्या पेरावर हलकेच टेकवा. "किती टोके?" उत्तर येईल, "दोन." आता तीच टोके मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागावर टेकवा. उत्तर बहुधा येईल, "एक!" बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलीमीटरचे अंतरही कळते, हातावर ते तीन-चार सेंटिमीटर झाल्याशिवाय कळत नाही. बोटाच्या टोकावर स्पर्शाच्या चेतातंतूंची दाटी आहे आणि हातावर ते विरळ आहेत, हे त्याचे कारण.

समजा, हा प्रयोग करून तुम्ही लिहिलेत, "माझ्या भावाला बोटावर २ मिलीमीटर अंतर कळते." निबंध परीक्षकाकडे गेला. त्याचा पहिला प्रश्न: एकच भाऊ? दहा-वीस जणांवर प्रयोग का केला नाही? भाऊ रोज तबला वाजवत असेल, तर त्याची बोटे इतरांसारखी असतील कशावरून? दुसरा प्रश्न: मधूनमधून एकच टोक टेकवलेत का? नसेल, तर दोन-चार वेळांनंतर भाऊ न जाणवताही "दोन" म्हणू लागेल. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. भाऊ खोटे बोलतो असा त्याचा अर्थ नाही. माणसाचे मन अंदाज बांधल्यावाचून राहतच नाही. तिसरा प्रश्न: त्या दिवशी थंडी होती का? गारठलेल्या बोटांना कमी कळते. चौथा: दोन्ही टोके एकाच क्षणी टेकली होती का? एक टोक आधी आणि दुसरे किंचित नंतर टेकले, तर भावाला दोन जागा कळल्या नाहीत, दोन वेळा कळल्या!

हा शेवटचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल जातो. टोके अगदी एकाच क्षणी टेकवली तरी एका टोकाने होणारी संवेदना आणि दोन टोकांनी होणारी संवेदना यांच्या जोरात थोडा फरक असतो, आणि नुसत्या त्या फरकावरूनही माणूस "दोन" असे बरोबर सांगू शकतो. म्हणून आज संशोधक या प्रयोगाऐवजी बारीक खाचा असलेला ठोकळा वापरणे पसंत करतात. तो बोटावर टेकवायचा आणि विचारायचे, खाचा उभ्या आहेत की आडव्या? खाचांची दिशा कळल्याखेरीज याचे उत्तर देता येत नाही. या रीतीने बोटाच्या टोकाची सूक्ष्मता सुमारे १ मिलीमीटर भरते. दीडशेहून अधिक वर्षे पुस्तकांतून शिकवलेला प्रयोग, आणि त्यालाही असे खडसावून विचारले गेले. वेबर यांचा मोठेपणा त्याने कमी होत नाही. त्यांनी आपली कृती नीट लिहून ठेवली होती म्हणूनच तर तिच्यातले छिद्र कोणाला शोधता आले.

कंपनयंत्रांच्या प्रयोगात आणखी एक पेच असतो. मोटार फिरली की ती गुणगुणते. मग माणसाने बोटाने ओळखले की कानाने? म्हणून प्रयोगात भाग घेणाऱ्यांच्या कानांवर श्रवणयंत्रे लावून त्यांतून पावसाच्या आवाजासारखा सलग खरखराट ऐकवतात आणि हात पडद्याआड ठेवतात. निबंधात हे लिहिलेले नसले, की परीक्षकाची लेखणी थांबलीच म्हणून समजा. शिवाय माणसांवर प्रयोग करण्यापूर्वी संस्थेच्या नीतिविषयक समितीची परवानगी आणि भाग घेणाऱ्यांची समजून-उमजून दिलेली संमती लागते. तीही निबंधात नमूद करावी लागते.

इतकी काटेकोर तपासणी कशासाठी? शस्त्रक्रियेचे उदाहरण घ्या. दा विंची नावाच्या शस्त्रक्रियायंत्राला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली. त्यात शल्यविशारद दूर बसून यांत्रिक हात चालवतो. पण रुग्णाच्या शरीरात धागा किती ताणला जात आहे हे त्याच्या बोटांना जाणवत नसे. तो डोळ्यांनी पाहून अंदाज करी. बलाची जाणीव देणारी उपकरणे असलेल्या दा विंची ५ या यंत्राला तिथे परवानगी मिळाली ती २०२४ साली. आता विचार करा, की एखाद्या निबंधात बलाचा आकडा चुकीचा छापला गेला आणि त्यावरून शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाचे यंत्र बनवले गेले. त्यांचे हात चुकीच्या बलाला सरावतील. मग धागा तुटेल तो खऱ्या रुग्णाच्या अंगात.

तारीख, टपाल आणि टेबल

स्पर्शाच्या परिषदा आता बऱ्याच आहेत. वर्ल्ड हॅप्टिक्स ही परिषद प्रथम २००५ मध्ये इटलीतील पिसा येथे भरली. ती दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत भरते. २०२३ मध्ये ती नेदरलँड्समधील डेल्फ्टला झाली आणि २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील सुवॉनला. मधल्या सम वर्षांत युरोपात युरोहॅप्टिक्स भरते. आपल्याकडे मुंबईच्या आणि मद्रासच्या आय.आय.टी.मध्येही या विषयावर संशोधन झाले आहे.

निबंध आता टपालाने जात नाही, संगणकावरून जातो. पानांची मर्यादा, अक्षरांचा आकार, आकृत्यांची मांडणी हे सारे आधीच ठरवून दिलेले असते. एकच निबंध एकाच वेळी दोन परिषदांना पाठवणे हा गुन्हाच समजतात. मुदत मात्र कडक. पण मुदत संपते ती कुठल्या घड्याळाने? आपल्याकडे मध्यरात्र होते तेव्हा अमेरिकेत दिवस असतो. अनेक परिषदांनी यावर एक मजेदार तोड काढली आहे: पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेल तोपर्यंत निबंध स्वीकारायचा. तारीख सर्वांत शेवटी मावळते ती ग्रिनिच वेळेच्या १२ तास मागे असलेल्या पट्ट्यात. आपली प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे भारतातल्या संशोधकाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत सवलत मिळते. नकाशापुस्तक उघडून हा हिशेब स्वतः करून पाहा.

काही आठवड्यांनी परीक्षकांची मते येतात. काही निबंध स्वीकारले जातात, काही दुरुस्तीसाठी परत येतात, पुष्कळसे नाकारले जातात. नाकारलेला निबंध पुष्कळदा राहिलेला प्रयोग करून पुढच्या वर्षी नव्याने पाठवला जातो.

स्वीकारलेल्या निबंधाचा लेखक परिषदेत जातो, दहा-पंधरा मिनिटे बोलतो किंवा भिंतीवर तक्ता लावून त्यापुढे उभा राहतो. पण स्पर्शाच्या परिषदेत एवढ्याने भागत नाही. इतर विषयांच्या परिषदांत लोक मुख्यतः ऐकतात. इथे टेबलांवर यंत्रे मांडलेली असतात आणि लोक रांगा लावून त्यांत बोटे घालतात. २०१४ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथे सुरू झालेल्या एशियाहॅप्टिक्स या परिषदेचा तर निबंधाबरोबर प्रात्यक्षिक दाखवण्यावरच भर होता. दिवसभर शंभर हात लागल्यावर मोटारी तापतात, पट्टे सैल होतात, आणि निबंधात टणक असलेली भिंत संध्याकाळपर्यंत मऊ पडू शकते. कागदावरच्या आकड्याची आणि बोटाची गाठ पडते ती त्या टेबलापाशी.

आता तुम्हीही एक पान लिहा. वरचा आकड्याचा प्रयोग घरातल्या आणि शेजारच्या मिळून दहा जणांवर करा. काय विचारायचे होते, कोणावर केला, कसा केला, काय आढळले, कशाची खात्री नाही, एवढे लिहा. ते पान दुसऱ्या गावच्या मित्राला पाठवा आणि फक्त ते वाचून त्याला प्रयोग करायला सांगा. फोन करून विचारायची त्याला परवानगी नाही. त्याचे आकडे तुमच्यापेक्षा फार वेगळे आले, तर कोण चुकला यावर भांडू नका. दोघे मिळून ते पान पुन्हा वाचा आणि कोणते वाक्य लिहायचे राहिले ते शोधा. बहुधा ते आकडा किती जोराने टेकवला याविषयीचे असेल.